फक्कीचा झेब्रा

३ मार्च
आजपासून रोज ड्रायव्हिंगची प्रॅक्टिस. लर्निंग लायसन्स गेल्या महिन्यातच आलं, पक्क्याची परीक्षा २४ला. तीस वर्षं जानेफळात ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला ही निव्वळ फॉर्मॅलिटी.
२८ला बुलढाण्याला बायकोच्या, झुंबरच्या डोळ्याचं इंजेक्शन. साखरेने पडदा सुजलाय. दर महिन्याला बिचारी डोळ्यावर पट्टी बांधून कोंबलेल्या जीपमधून परत येते. या वेळी माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर बसून येईल. शब्द दिलाय. म्हणे, आधी लायसन्स तं आणा.
सून वंदनाही परीक्षेला बसणार. बसू दे. कार घरी ठेवून जाताना गणेश म्हणाला, जो पास होईल त्याच्याकडे चावी. पोरगा बापाची गंमत करतो.

६ मार्च
पुस्तकात जिथे तिथे झेब्रा क्रॉसिंग. जानेफळात एकही नाही. झुंबरने विचारलं, झेब्रा म्हंजे नातवाच्या पुस्तकातलं जनावर ना? म्हटलं, तेच, पण इथे त्याचे फक्त पट्टे घेतात, रस्ता ओलांडायला. म्हणे, काऊन? पुस्तक मिटलं. टेक्निकल गोष्टी एकदम सांगू नयेत.

७ मार्च, पहाटे ५
कबड्डीच्या मैदानाला मारून उरलेली पांढरी फक्की आणली, घरासमोर रस्त्यावर सात पट्टे ओढले. लोक पट्ट्यांवरून जातील, मी गाडी थांबवीन.

सकाळी ९
पट्ट्यांवर कोणी पायच ठेवत नाही. अन्नपूर्णाबाई तर हात जोडून नालीच्या काठाने गेल्या. शेजारचे पंजाबराव म्हणे, काऊन बे कारभारी, कोणाची नजर उतरवून राह्यला? नियम वाचून दाखवला. हाव म्हणाले, अन् वळसा घालून गेले.

१२ मार्च
अजून वळसाच. एका अर्थी बरंच. माणसं दिसली की क्लचवरून पाय सटकतो. नवी चप्पल आहे. झेब्र्यावर मात्र माणूस नाही की कोंबडी नाही, गावातली सगळ्यात मोकळी जागा. आता गाडी तिथेच नेऊन थांबवतो. दिवसातून वीसदा. चारही चाकं बरोबर पट्ट्यांवर.

२३ मार्च
आज गाडी काढली नाही. भीती नाही, वांगं बाधलं.
झुंबरला आज सुईत दोरा ओवता येईना. मला ऐकू येत नाही असं समजून वंदनाला विचारत होती, २८ले जीप किती वाजता हाय गं? राग आला. मग फार वाईट वाटलं.

२४ मार्च
नापास. सविस्तर लिहितो, म्हणजे चूक कोणाची ते कळेल. आरटीओचे साहेब शेजारी बसले, म्हणाले, पुढे झेब्रा आहे, थांबा. थांबलो. चारही चाकं पट्ट्यांवर. साहेबांनी विचारलं, लोकांनी काय टपावरून जायचं? माणूस चिडका. वंदना पास. नशीब असतं एकेकाचं.
घरी बातमी तिनेच सांगितली. झुंबरने भाकरी वाढली.

२८ मार्च
वंदनाने गाडी नेली. झुंबर तिच्या शेजारी, मी मागे, फाइल मांडीवर. वळणांवर सूचना देत होतो. वंदना म्हणाली, मामाजी, जरा गप बसता का.
इंजेक्शन झालं, पट्टी बांधली; दुसऱ्या डोळ्यानेही तिला अंधुकच. गाडी रस्त्याच्या पलीकडे उभी, वंदना आत. म्हटलं, चल, नेतो तुला. समोर खराखुरा झेब्रा. तीनदा पाय पुढे टाकला, तीनदा मागे घेतला. ट्रक, मग एस.टी., मग पुन्हा ट्रक. मी ट्रॅफिकचा अभ्यास करत होतो.
नाही. घाबरलो होतो. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो.
झुंबर म्हणे, पट्टे कोठी हायेत तेवढं सांगा. सांगितलं, पायापुढेच. तिने एक हात वर केला अन् सरळ चालायला लागली. ट्रक थांबला. मागची जीपही थांबली. मी तिच्याबरोबर.
पलीकडे पोचल्यावर म्हणे, आता सोडा हात, बोटं दुखून राह्यले माहे.