श्रीपतअण्णाची टाच

रविवार, १२ नोव्हेंबर १९६१
बसवनगुडी

नंदीच्या डोंगरावर आज दाट धुकं होतं. श्रीपतअण्णाचा तो पेटीसारखा कॅमेरा छातीशी धरून वरून आत डोकावावं लागतं. डोकावत तो एकेक पाऊल मागे सरकत होता, कारण सहलीला आलेले आम्ही सगळे काचेत मावत नव्हतो.

मी म्हटलं, "अण्णा, आमची पोटं मावायची तर तुला बंगळूरपर्यंत मागे जावं लागेल."

सगळे हसले. तोही हसला, आणि खरंच आणखी सरकला.

तेवढ्यात धुकं विरळ झालं. त्याच्या टाचेमागे डोंगरच नव्हता. टाच अर्धी हवेत.

एरवी माझ्या जिभेला लोक घाबरतात. आज तिच्यातून शब्द फुटेना. पण ओरडलो असतो तर दचकून गेलाच असता, नाही का?

त्याची बायको सरसक्का मात्र रोजच्या सुरात म्हणाली, "अहो, पोळ्या संपत आल्या हं. मग माझ्या नावानं खडे फोडू नका."

"स्वल्प थांबा, आलोच!" म्हणत तो तरातरा पुढे आला. तिने त्याला पोळी वाढली आणि मटकन खाली बसली.

त्याला कोणीच काही सांगितलं नाही. सांगावं का? ती टाच डोळ्यांपुढे येते आणि धीर होत नाही.

परतताना बसमध्ये मी त्याचा दंड घट्ट धरून बसलो होतो.

"काय रे, थंडी वाजतेय?"

"हो."

"मग पुढच्या रविवारी स्वेटर घालून ये. शिवगंगेच्या डोंगरावर जाऊ. तिथे काढतो फोटो, सगळे मावतील असा."