नवं पिल्लू आणि तुमची दस्ती

बाबा, मागच्या महिन्यात मी घरात मांजराचं एक पिल्लू आणलं. तुमची मांजर अजून आहे. बारा वर्षांची झाली, एका डोळ्यावर पडदा आलाय, पण आहे. मला लातूरला लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा आई तिला पिशवीत घालून नांदेडहून एसटीनं घेऊन आली. मी सकाळी आठला जाते, संध्याकाळी सातला येते. दिवसभर घरात त्या दोघीच, आणि आई तिच्याशीच बोलते. ती गेली तर आई कुणाशी बोलेल, हे माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून लॅबच्या पार्किंगमध्ये सापडलेलं पिल्लू खोक्यात घालून आणलं. आईला कारण सांगितलं नाही. घरातल्या मांजरीला नवं पिल्लू कसं दाखवायचं ते मोबाइलवर वाचून मी वहीत उतरवून घेतलं होतं. आधी तीन दिवस वेगळी खोली, मग एकमेकांचा वास, मग दाराच्या फटीतून भेट. आई दारात उभी राहून बघत होती. "टाइमटेबल करून राहिलीस का? परीक्षा हाय का त्यायची?"

तुम्ही तिला आणलंत तो दिवस आठवतो. विष्णुपुरीच्या धरणावरची चौकीदारीची पाळी संपवून तुम्ही सायकलवरून येता, डब्याच्या पिशवीतून ही डोकं बाहेर काढते. मी बादलीत पाणी घेते, साबण घेते. तुम्ही माझा हात धरता. "धुऊ नको. तिच्या मायचा वास हाय तो. तेवढाच हाय तिच्यापाशी." मला राग आला होता. शाळेत स्वच्छतेचा धडा नुकताच झाला होता, आणि घरात शाळेत जाणारी मी पहिलीच, त्यामुळे धड्यात असेल ते खरं. तरी मी बादली उचलून ठेवली.

दीड वर्षानं तुम्ही गेलात. आईनं तुमचे कपडे वाटून टाकले, खांद्यावरची निळ्या चौकड्यांची दस्ती तेवढी ठेवली. तेव्हापासून मांजर तिच्यावरच झोपते. आई ती उन्हात झटकायची, पण कधी धुतली नाही. मी त्याला बरीच वर्षं आईचा आळस समजत होते.

वास द्यायच्या दिवशी मी तीच दस्ती घेतली. वहीत लिहिलं होतं, जुन्या मांजरीच्या अंथरुणानं पिल्लू पुसायचं. मी डोक्यापासून शेपटीपर्यंत नीट पुसलं, दोनदा पुसलं, आणि दस्ती जागेवर ठेवली. मांजर आली, दस्ती हुंगून फिस्कारली आणि खाटेखाली गेली. दोन दिवस तिनं दुधाला तोंड लावलं नाही. पहिल्याच दिवशी आईनं दस्ती उचलून नाकाला लावली.

"हे काय केलंस माय?"

"वासाची अदलाबदल, आई. असंच करायचं असतं."

"तुह्या बापाचा वास व्हता तेच्यात. तेची अदलाबदल केलीस व्हय?"

त्या दिवशी आईही जेवली नाही. मी म्हटलं, पिल्लू परत नेऊन सोडते. "आता तेला कशाला हाकलतीस? तेनं काय केलं?" तिसऱ्या दिवशी तिनं पिल्लू मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हातानं खाटेखाली दुधात कुस्करलेली भाकर धरली. बराच वेळ धरली. मांजरीनं बोटं चाटली.

आता दोघं खातात, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. मांजर रोज सकाळी पिल्लाला एक चापट मारते आणि मग त्याला जवळ पडू देते. आई दोघांनाही शिव्या घालते. दस्ती तिनं पेटीत ठेवली आहे. माझ्याशी बोलते, पण त्याबद्दल नाही. तिला वाटतं, दस्तीत तुमचा वास असेल हे पुसताना माझ्या लक्षातच आलं नसेल.

लक्षात आलं होतं, बाबा. पिल्लाला पुसायच्या आधी मी दस्ती नाकाला लावून उभी राहिले होते. घामाचा, बिडीचा, कसला तरी वास येईल म्हणून. मला फक्त मांजरीचा वास आला. म्हणून तर घेतली. आईला हे सांगायला हवं, आणि माझ्यानं सांगवत नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तिलाही येत नाही. हा कागद उघड्या फळीवर पडला तरी घरात कुणाला काही कळणार नाही. लिहायची हिंमत झाली ती त्याच भरवशावर.