दोन तुकड्यांचा कीबोर्ड

सृष्टी,

मी विड्या द्यायला कारखान्यात चालले. भाकरी आन् शेंगाची चटणी झाकून ठेवलीय, खाऊन घे.

काल तू कीबोर्डच्या बटणांचे नमुने लावलेली पट्टी पुढं ठेवून इचारलंस, "आई, रातच्याला मी टाइप करताना तुजी झोप मोडणार न्हाय असं कुठलं?" मी म्हणलं, मला काय कळतंय. पण आज तू भाईर गेलीस तवा सगळी दाबून बघितली. निळं नको, पान कापायच्या कात्रीवानी कटकट करतंय. पांढरं घे. भिजल्या पानावर बोट टेकावं तसं दबतंय, आवाजच न्हाय.

मग तुज्या खुर्चीत बसले. मैत्रिणीकडनं बघायला आणलेला तो कीबोर्ड, एक तुकडा डावीकडं, एक उजवीकडं. दोन्हीवर हात ठेवले आन् काय सांगू, खांदे आपोआप मागं गेले. एवढा लांब श्वास आला की माजंच मला नवल वाटलं! लग्नाआधीपासनं मी मांडीवर सूप घेऊन वाकलेली. विडी वळायची तर दोनी हात पोटाशीच लागतात. हात असे लांब ठेवून पण काम होतंय, हे मला ठावंच नव्हतं.

मनगट दुखतंय म्हणून तू पट्टा बांधून बसतीस आन् नोकरी सोडायचं बोलतीस. आधी असला कीबोर्ड घे, मग बोल.

मैत्रिणीचा आजच परत देऊ नको. संध्याकाळी मला अजून एकदा बसू दे. बटणं दाबत न्हाय, नुसते हात वर ठेवून बसते.

आई