रश्श्यावर पाणी

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आता मला नीटसा आठवत नाही, पण तुमचं एक वाक्य काही कानातून जात नाही. "रश्श्यावर पानी वतायचं न्हाय. रस्सा रुसतो." गिरणीचा भोंगा झाला की खानावळीत पहिली पंगत बसायची, आणि तुम्ही दारात कमरेवर हात ठेवून, कुणी कशाबरोबर काय प्यायचं ते ठरवायचात. पिठल्याला ताक. शेंगांच्या आमटीला आंबील. हुलग्याच्या शेंगोळ्यांबरोबर काही नाही, कारण त्यांचा रस्साच वाटी तोंडाला लावून प्यायचा. आणि काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर तर जीव गेला तरी काही नाही. ताट संपल्याशिवाय तांब्या मिळायचा नाही. एक तेलुगू विणकर बिचारा डोळे पुसत आपल्या भाषेत 'नीळ्ळु, नीळ्ळु' म्हणून पाणी मागत राहिला, तर तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "भाकरी खा की. पानी काय, मेंढरं बी पित्यात." पंगत हसली. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांची नाकं वाहत होती, ते मात्र तुम्हाला दिसलं नाही.

नातेपुत्याकडची मेंढरं विकून तुम्ही सोलापुरात आलात. मटणातलं तुम्हाला कळत होतं, नाही असं मी म्हणणार नाही. पण तेवढ्यावर माणसांतलंही आपल्याला कळतं असं तुम्ही धरून चाललात. माणूस पारखायचा तर त्याला रस्सा वाढायचा. पाणी मागेल तो कच्चा, मागणार नाही तो पक्का. एवढ्या फुटकळ अकलेवर माणूस किती मिजास करू शकतो, ते मी तुमच्याकडे पाहून शिकले. खानावळीत आचारी ठेवायचा तरी हीच परीक्षा, आणि माझं लग्न ठरवायचं तरी हीच. सोयरीक जुळण्याआधी पाहुण्यांनी मुलीच्या घरी जेवू नये, असं आईनं भीत भीत सांगून पाहिलं. तुम्ही म्हणालात, "हे घर न्हाय, खानावळ हाय." झालं. तुमच्यापुढे कुणाचं काय चालणार!

आधी मोहोळचे मास्तर आले. मी आत चुलीपाशी, दाराच्या फटीला डोळा लावून बसलेली. मास्तर सावकाश जेवतायत, कान लाल झालेत, कपाळावरचा घाम सदऱ्याच्या बाहीला पुसतायत. तुम्ही समोर बसून मांजरानं उंदराकडे बघावं तसे बघताय. अर्धी वाटी संपल्यावर ते सरळ तुमच्याकडे बघून म्हणाले, "चव फार छान आहे. पण मला एवढं तिखट झेपत नाही. थोडं ताक मिळेल का?" आप्पा, मला तो माणूस त्याच क्षणी आवडला. जे झेपत नाही ते झेपत नाही म्हणून सांगणारा पुरुष मी आपल्या घरात तोवर पाहिला नव्हता. आईनं ताक नेऊन दिलं. तुम्ही ते त्यांना पिऊ दिलंत, हसून निरोप दिलात, आणि पुढे कितीतरी दिवस प्रत्येक पंगतीला 'ताकवाल्या मास्तर'ची नक्कल करून दाखवलीत. "रश्श्याला भ्यालेला गडी बायकूला काय सांबाळनार?" हे तुमचं तत्त्वज्ञान. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं.

मग वैरागचा आला, आडत दुकानवाल्यांचा. त्यानं वाटीमागून वाटी ओरपली. ना घाम, ना शिंक, ना पाण्याकडे नजर. तुमचा चेहरा असा फुलला की जणू तोच तुमच्या पोटचा आणि मी कुठली तरी परकी. रस्सा वाढून आई आत आली आणि तुम्हाला बाजूला बोलावून म्हणाली, "अवो, त्या पोराच्या तोंडाला वास येतोय." तुम्ही तिच्यावरच खेकसलात, "मसाल्याचा वास हाय त्यो. जन्म गेला चुलीफुडं, अजून कळंना व्हय?" तो शिंदीच्या दुकानातून उठून थेट आपल्या पाटावर येऊन बसला होता, हे बाकी सगळ्यांना नाकानं कळलं. तुम्ही पडलात जिभेचे पारखी!

लग्न होऊन वैरागला गेल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या हातून आमटीत मीठ दोनदा पडलं. नणंदेनं पहिला घास थुंकला. हा मात्र मुकाट्यानं सगळी वाटी संपवून उठला. मी घाबरून सासूकडे पाहिलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्येला काय कळतंय? त्येची जीभ कवाच मेली." सकाळपासून पिणाऱ्या माणसाला तिखट कुठलं आणि खारट कुठलं! ज्याला तुम्ही मर्दानगी समजलात, ते हे होतं. पुढे त्याचा हात उठायला लागला. बकऱ्यांच्या बाजाराला तुम्ही वैरागला आलात तेव्हा मी दंडावरचे वळ तुम्हाला दाखवले. तुम्ही खाली मान घालून बसलात आणि शेवटी विचारलंत काय, तर "जेवतो का न्हाई नीट?" मी म्हटलं, जेवतो. "मग हुईल समदं नीट," असं म्हणून तुम्ही बकऱ्या बघायला गेलात. तुमची कीव करावी की तुमच्यावर थुंकावं, ते मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. अजूनही ठरवत नाही.

त्याच्या पोटात पाणी झालं आणि तो गेला. मी परत आले, खानावळीतल्या त्याच चुलीपाशी बसले. तुम्ही दारात तसेच उभे, तेच वाक्य म्हणत. चूक झाली, एवढं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. मग तुमच्या पोटात व्रण झाला आणि डॉक्टरांनी ताकभातावर ठेवलं. मी वाटी घेऊन आले की तुम्ही म्हणायचात, "दार लाव. गिऱ्हाईक बगतंय." मी दार लावायचे आणि तुम्हाला चमच्यानं भरवायचे. तुम्ही गेल्यावर खानावळ मी चालवायला घेतली, आणि पहिल्याच पंगतीला प्रत्येक ताटाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. कुणाचाही रस्सा रुसला नाही.

हे पत्र पाठवायला ठिकाण नाही, ते एका परीनं बरंच आहे. नाहीतर पुढचं मी लिहिलंच नसतं. पंगती उठल्यावर मी आणि आई आत जेवायला बसायचो ना, तेव्हा आमच्या दोघींच्या मध्ये ताकाचं भांडं असायचं. रोज. तुमचा तो रस्सा त्याच्याशिवाय आमच्या घशाखाली कधी उतरलाच नाही. तो रांधणाऱ्या आम्हीच, आणि तुम्ही एकदाही आत येऊन आमच्यासोबत जेवला नाहीत, म्हणून तुम्हाला कळलं नाही. तुम्हाला ताकभात भरवताना हे सांगायचं मी कितीदा ठरवलं. तुम्ही अंथरुणाला खिळलेले, चार घासांना दमणारे. दया आली म्हणून गप्प राहिले असं मी लोकांना सांगते, पण ते खरं नाही. तुम्ही मला हसाल, याची मला तेव्हाही भीती वाटत होती.