सकाळी आठचा नंबर

कसबा बावडा,
रविवार, २२ नोव्हेंबर २००९

प्रिय कृष्णात,

पाकिटावर कारखान्याचा पत्ता बघून दचकला असशील. घरच्या पत्त्यावर पाठवलं असतं तर वर्षाराणीनं फोडलं असतं, आणि तिनं का फोडू नये, ती तुझी बायको आहे. कम्प्युटर विभागाच्या नावानं आलेलं टपाल तुझ्याखेरीज कुणी उघडत नाही, हे तूच एकदा सांगितलं होतंस. रोज सकाळी आठला आपला फोन होतो आणि तरी मी पत्र लिहितेय, याचं तुला नवल वाटेल. पण फोनवर आपण बोलतो ते काय? तू सहा आकडे सांगतोस, मी ते मारते, लॉगिन झालं की 'झालं' म्हणते आणि ठेवते. मला सांगायचंय ते सहा आकड्यांत बसणारं नाही.

आधी इकडची खबर. गुऱ्हाळं सुरू झालीत, सकाळी दार उघडलं की गोड वास घरात येतो. आईचे गुडघे थंडीनं धरलेत. ती गुडघ्यांना आणि मला एकाच दमात बोल लावते. गुडघ्यांना चालत नाहीत म्हणून आणि मला लग्न करत नाही म्हणून. वारणानगरचं एक स्थळ आलंय. प्रसेनजीत नाव, तिथं दूध संघात नोकरीला आहे. घरी आला तेव्हा पोह्यांची बशी स्वतः आत नेऊन ठेवली, तेवढ्यावर आई खूश. मला म्हणाली, "आता किती दिस कुणाची वाट बघतीस बाई?" मी म्हटलं, कुणाची नाही. ती पोह्यांची कढई घासायला बसली.

ऑफिस तसंच आहे. राजारामपुरीत आठव्या गल्लीतला तोच वरचा मजला, खाली तेच कापडाचं दुकान. अमेरिकेतले डॉक्टर तसेच तोंडात गोटी धरल्यासारखं बोलतात आणि आम्ही कानाला हेडफोन लावून त्यांच्या पेशंटांची दुखणी टाइप करतो. तुला आठवतं, काम देणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या साहेबानं पहिल्या दिवशी फोनवर नियम सांगितला होता, की पासवर्ड एकाकडे आणि मोबाईलमधला बदलता नंबर दुसऱ्याकडे, दोन्ही एका माणसाकडे चालणार नाही? तुझ्याकडे रंगीत पडद्याचा नवा नोकिया होता, त्याचा तुला कोण तोरा. म्हणून ते नंबर देणाऱ्या प्रोग्रॅमचं खेळणं तुझ्या मोबाईलमध्ये गेलं आणि पासवर्ड माझ्याकडे आला. दर मिनिटाला सहा आकडे नवे, आणि त्याखाली बारीक होत जाणारी रेघ. रेघ संपली की नंबर मेला.

किती हसलोय आपण त्यावरून. तू आकडे जोडीनं सांगायचास, आणि एकोणसाठ म्हणजे पाच नऊ की सहा नऊ यावर भांडेपर्यंत रेघ संपायची. तीनदा चुकलं की सगळंच बंद पडायचं आणि अमेरिकेला कुणी जागं होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचो. अक्षता नवी होती तेव्हा. ती म्हणायची, ह्या दोघांना मुद्दाम चुकायचंच असतंय. पोरगी हुशार आहे. अशाच एका बंद पडलेल्या सकाळी, मिसळ खाता खाता, तू मला लग्नाचं विचारलंस. मी आधी पाव संपवला आणि मग हो म्हटलं, यावरून तू पुढं कितीतरी दिवस मला चिडवलंस.

मग तू मला गावी नेलंस. कागलच्या पुढं, मोटरसायकलवर. तुझ्या आईनं हात धरून घरात घेतलं, जवळ बसवलं. आबा अगदी नेमस्त बोलले. चहा झाला, आणि मग त्यांनी विचारलं, "पोरी, तुमचं पावणं कुठलं म्हणायचं?" मला ठाऊक होतं ते काय विचारतायत. तुलाही ठाऊक होतं, तू बशीकडं बघत होतास. मी सांगितलं, आम्ही बौद्ध. कुणी आवाज चढवला नाही, कुणी उठून गेलं नाही. आबांनी उसाचा विषय काढला. परतताना हायवे लागेपर्यंत तू एक शब्द बोलला नाहीस आणि मी वेडी समजले, की वाऱ्यामुळं बोलणं ऐकू येत नसेल.

त्यानंतर आबांनी जेवण सोडलं. तू ऑफिसात येऊन माझ्या टेबलाशी उभा राहिलास आणि म्हणालास, "प्रिया, आबा पाण्याशिवाय काय घेत न्हाईत." एवढंच. मी टाइप करत राहिले. कुणा म्हाताऱ्या बाईच्या कंबरेचं ऑपरेशन होतं, ते मी पुरं केलं. तुला भित्रा म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं, निदान माझ्या जिवाला तरी बरं वाटलं असतं. दोन महिन्यांत तुझं लग्न ठरलं, साखर कारखान्यात नोकरी लागली आणि दोघांच्या भागीदारीतल्या ऑफिसातला तुझा वाटा तू माझ्या नावावर करून दिलास. तू जाताना, आता नंबरचं काय करायचं, असं मी विचारलं. तू म्हणालास, कंपनीला दोनदा विचारलंय, मोबाईल बदलता येत नाही म्हणतात. अमेरिकन साहेब नाकातून 'सॉरी सर' कसं म्हणाला त्याची नक्कलसुद्धा करून दाखवलीस. त्या अवस्थेतही मला हसू आलं होतं.

तेव्हापासून हे रोजचं सुरू आहे. मी आठला फोन लावते. पहिल्या रिंगला तू उचलतोस. 'हां' म्हणतोस. मग बहुतेक वेळा म्हणतोस, "थांब, रेघ संपत आलीया, नवा येऊ दे." आणि आपण दोघं थांबतो. तुझ्याकडून म्हशीचं हंबरणं ऐकू येतं, कुणीतरी बादली आपटतं, माझ्याकडून खालच्या दुकानाचं शटर वर जातं. तेवढ्यात कधी तू विचारतोस, आईचे गुडघे कसे आहेत. कधी मी विचारते, आबा बरे आहेत ना. मी काही दुधखुळी नाही, कृष्णात. मिनिटभर चालणारी रेघ नेमकी माझ्याच फोनच्या वेळी रोज कशी संपत येईल? मला कळत होतं आणि मी एकदाही बोलले नाही. कारण दिवसभरात माझ्या वाट्याला येणारं तेवढंच होतं आणि मला ते हवं होतं.

लोडशेडिंगला सगळं कोल्हापूर शिव्या घालत होतं तेव्हा मी एकटी गप्प असायचे. लाईट गेली की कम्प्युटर बंद, लॉगिन बंद, म्हणजे पुन्हा नवा नंबर, म्हणजे पुन्हा तुला फोन. पोरी म्हणायच्या, मॅडम, इन्व्हर्टर घेऊया की. मी म्हणायचे, बघू दिवाळीनंतर. अशा दोन दिवाळ्या गेल्या. शेवटी अक्षतानं परस्पर दुकानदाराला बोलावून तो बसवून घेतला. सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि मी डोकं दुखतंय म्हणून घरी आले.

आता गेल्या मंगळवारचं सांगते. फोन बराच वेळ वाजला आणि वर्षाराणीनं उचलला. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. म्हणाली, "ताई, ह्यास्नी रातीपास्नं ताप हाय, सुई दिल्यावर आत्ता कुठं डोळा लागलाय. नंबर मी सांगू का? मला येतंय बघायला." तिच्या कडेवर तुझी लेक असणार, जवळच कुरकुरत होती. तिला चुचकारत वर्षाराणीनं सहाही आकडे सांगितले, सावकाश, एकेक करून, आणि बरोबर लिहिलं का म्हणून परत म्हणून दाखवले. मग म्हणाली, "उशीर झाला म्हनून रागावू नका. एरवी तुमच्या फोनासाठी हे आंघोळ थांबवत्यात. पावणेआठपास्नं मोबाईल घिऊन उंबऱ्यात बसत्यात, रेंज तिथंच यितीया. ताईंच्या कामाचा खोळंबा हुतोय म्हनत्यात." आणि शेवटी म्हणाली, "एकदा या की घरला जेवायला."

मी येते म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि मला माझीच शिसारी आली. आपण काही वावगं केलं नाही, हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. आकडेच तर घेते. पण ती बाई रोज तुझं पाणी तापवून ठेवते आणि ते निवतं, आणि ती समजते की कामासाठी निवतं. तिला मनात वाईटसाईट बोलून बघितलं, जमलं नाही. ती चांगली आहे रे. तिच्याशी चांगला वाग.

त्याच दिवशी मी कंपनीला मेल पाठवला. विनवणीचा मोठा मेल लिहिला होता. नंबरवाला माणूस आता आमच्याकडे नाही, नियमात बसत नसलं तरी काही तोड काढा, असा. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर हजर. नव्या माणसाचं नाव आणि मोबाईल कळवा, बदल लगेच होईल. आणि खाली त्या साहेबानं सहज लिहिलं होतं, की तुमच्या ऑफिसकडून असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं, विचारलं असतं तर तेव्हाच करून दिलं असतं. मी ते कितीदा वाचलं. तू विचारलंच नव्हतंस. ती नक्कल, ते 'सॉरी सर', सगळं तू घरून रचून आणलं होतंस. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. राग इतका आला, की तू समोर असतास तर हात उगारला असता. आबांसमोर तुझी जीभ टाळ्याला चिकटली आणि माझ्याशी इतकं बेमालूम खोटं बोललास. एवढं धाडस होतं तुझ्यात, तर ते तिथं का नाही वापरलंस? आणि खरं सांगू, राग ओसरला तशी मी सुखावलेही, आणि त्या सुखानंच मला जास्त रडवलं. माझं तुझ्यावर प्रेम आहे. होतं असं लिहायचा प्रयत्न केला, ते खोटं ठरेल.

मी अक्षताचा मोबाईल कळवलाय. शुक्रवारपासून नंबर तिच्याकडे येईल, ती शेजारच्या टेबलावरून सांगेल. आजच रात्री बदला, असंही कंपनीला सांगता आलं असतं. पण मग सोमवारी तू उंबऱ्यात मोबाईल घेऊन बसला असतास, फोन आला नसता, आणि तू मंगळवारीही बसला असतास. तुला मी ओळखते, लाईट नसेल, आजारी असेल असं म्हणत तू महिनाभर आंघोळीचं पाणी निववलं असतंस. तसं तुला बसवून ठेवणं माझ्यानं होणार नाही, म्हणून हे पत्र. प्रसेनजीतला काय सांगायचं ते माझं मी बघेन. हे तुझ्या हाती पडेल तेव्हा एखाददुसरा फोन उरला असेल. त्यावर काही विचारू नकोस, माफी मागू नकोस. नंबर सांग, मी 'झालं' म्हणेन आणि ठेवेन.

गुरुवारपर्यंत तुझीच,
संघप्रिया