एक, दोन, पाऊल

४ मार्च, मंगळवार

आज आईंनी टॅबला शिवी दिली. पहिल्याच दिवशी!

पार्किन्सनच्या डॉक्टरांनी सासूबाईंना घरच्या घरी करायचे मेंदूचे व्यायाम लावून दिलेत. टॅबवरचे खेळ. हाताच्या थरथरीला गोळी आहे. पण हल्ली त्यांना एका वेळी दोन कामं सुधरत नाहीत, आधी काय आणि मग काय याची जुळणी लवकर होत नाही. त्याला सराव हवा, म्हणाले. खेळात चुकलं की आतली बाई गोड आवाजात म्हणते, "पुन्हा प्रयत्न करा." आई म्हणाल्या, "तूच कर, मेले!"

मी हसले. चांगली मोठ्याने. हे गेल्यापासून या घरात कुणी असं हसलं नव्हतं. आईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मला वाटतं, पुढचं उत्तर मुद्दाम चुकवलं.

टॅब ह्यांचाच. त्यात ह्यांनी लावलेला गजर अजून तसाच आहे. खेळ चालू असतानाच पडद्यावर आलं — 'आई, गोळी. टाळाटाळ नको.' आई म्हणाल्या, "आण बाई गोळी. साहेबांचा हुकूम आलाय."

गजर काढलेला नाही. काढणारही नाही.

६ मार्च

आठवड्यातून एकदा थेरपिस्ट बाई टॅबवर दिसतात, व्यायामाची चौकशी करायला. चौकोनात दिसतात म्हणून आईंनी त्यांचं नाव ठेवलं चौकोनबाई. तोंडावर म्हणाल्या! त्या बिचाऱ्या हसल्या. स्पष्ट सांगितलं त्यांनी — यानं आजार जात नाही, पण रोजची कामं थोडी सोपी होऊ शकतात. मग आईंना म्हणाल्या, "असं एक काम निवडा, जे तुम्हाला पुन्हा स्वतःचं स्वतः जमायला हवंय. आपण त्याच्याच मागे लागू."

आईंनी मला चहा टाकायला पिटाळलं. परत आले तर बोलणं संपलेलं.

"काय निवडलंत?"

"तुला काय करायचंय? परीक्षा माझी आहे."

स्वयंपाक असणार. दुसरं काय?

११ मार्च

खाणावळीचा खेळ. गिऱ्हाईकं येतात, काय हवं ते सांगतात, आलेल्या क्रमानं वाढायचं. आई क्रम पाळत नाहीत. "तो टोपीवाला उपाशी दिसत नाही, थांबेल. आधी पोराला दे."

गुण शून्य. "पुन्हा प्रयत्न करा."

"मी का करू? टोपीवाल्याला शिकव जरा!"

१४ मार्च

स्वयंपाकघराच्या दारात आईंचे पाय पुन्हा चिकटले. उंबऱ्याशी आलं की होतं तसं — शरीर पुढे, पाऊल जमिनीलाच. ओढायचं नाही, पडतात. चौकोनबाईंनी सांगितलं होतं तशा मी दारात फरशीवर लाल चिकटपट्ट्या लावल्या. पट्टीवर पाय टाकायचा आणि मी ताल धरायचा, "एक, दोन, पाऊल!"

"कवायतीला आणलंयस का मला?" म्हणाल्या. पण आल्या पार!

चष्मेवाल्यांचा फोन येऊन गेला. त्यांच्या दुकानात मी भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची. ह्यांच्या आजारपणात सोडलं ते सोडलंच. "जागा अजून मोकळी आहे, बघा," म्हणाले. मी म्हटलं, आईंना एकटं कसं सोडू? त्यांनी फोन ठेवला. या उत्तरापुढे कुणी काही बोलत नाही. बरं पडतं.

२० मार्च

गुण घसरले. सोपी उत्तरंसुद्धा चूक. आणि गुण ताईंच्या फोनवरही जातात! ताई म्हणजे माझी नणंद. दुसऱ्या गावी असतात. संध्याकाळी फोन.

"वहिनी, आईचं डोकं मंदावत चाललंय गं. तू एकटी किती दिवस रेटणार? मे महिन्यात येते आणि घेऊनच जाते तिला."

"बरं," म्हटलं.

का म्हटलं बरं? त्या प्रेमानं बोलत होत्या, म्हणून. आई गेल्या तर या घरात मी आणि गजर!

२३ मार्च

एक केलं मी. टॅब धरायला म्हणून शेजारी बसते. आई विचार करायला लागल्या की माझा अंगठा हळूच बरोबर उत्तरावर. "शाब्बास! पुढची पायरी!"

ताईंचा निरोप — 'वा! आई सुधारतेय!'

२९ मार्च

माझीच अक्कल मला नडली. बरोबर उत्तरं आली की खेळ आपोआप अवघड होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आज खाणावळीत खंडीभर गिऱ्हाईकं आली. सगळी एकदम बोलणारी. मीच गोंधळले. आईंनी टॅब पालथा घातला.

"नको मला. माझं डोकंच गेलंय. लेकीला सांग, ने म्हणावं मला."

नंतर बाल्कनीत बसून राहिल्या. मी चहा नेला. प्यायल्या नाहीत. आईंनी चहा नाकारला!

३ एप्रिल

चौकोनबाईंना सगळं सांगितलं. अंगठ्याचंसुद्धा. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आई, हात कॅमेऱ्यासमोर धरा. आता दुसऱ्या तळव्यावर एकदाच बोट टेकवा."

आईंनी टेकवलं. एकदा नाही — थरथरीनं दोनदा टेकलं! म्हणजे खेळात पहिल्या टेकीला उत्तर बरोबर, दुसऱ्या टेकीला पुढच्या प्रश्नाचं भलतंच उत्तर. डोकं बरोबर होतं. चुकत होतं ते बोट! इतके दिवस शेजारी बसून मला दिसलं नाही. मी पडद्याकडेच बघत होते ना.

टॅबमध्ये कुठेतरी एक सेटिंग बदलायची होती, म्हणजे लागोपाठची दुसरी टेक मोजली जात नाही. बदलली. खेळ पुन्हा खालच्या पायरीवर आणले. वर मला तंबी — "व्यायामाच्या वेळी तुम्ही दुसऱ्या खोलीत."

त्या गेल्यावर मी म्हटलं, "आई, चुकले."

"मला माहीत होतं. न थरथरणारा अंगठा लपतो का गं?"

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, चोर चांगल्या घरचा आहे."

४ एप्रिल

चहा दोन कप प्यायल्या.

१२ एप्रिल

मी दुसऱ्या खोलीत. भिंतीपलीकडून भांडण ऐकते. आज टोपीवाल्याला वेळेवर वाढलं. "घे, गीळ आणि ऊठ!" पोराचाही नंबर चुकला नाही. टॅब म्हणाला, शाब्बास. आई म्हणाल्या, "माहितेय."

२१ एप्रिल

आता खेळातलं प्रत्यक्षात करायचं, असं चौकोनबाईंचं म्हणणं. आईंनी सपाटाच लावलाय. दुपारचं जेवण स्वतः गरम करतात. गॅस बंद केला की मोठ्याने म्हणतात, "बंद!" शेजारच्या शिंपीकाकांना फोन लावून बघतात. काल काका धावत आले, हातात टेप, गळ्यात कुणाची तरी अर्धी बाही.

"काय झालं?"

"काही नाही. येता का ते पाहिलं."

"आता काही झालं तरी येणार नाही बघा!"

आज पुन्हा लावला. पुन्हा आले!

स्वयंपाकघराच्या दारात आता त्या स्वतःच म्हणतात, "एक, दोन, पाऊल." मी नुसती ऐकते. बाहेरच्या दारातही पट्ट्या लाव म्हणाल्या. लावल्या. घंटी वाजली की उघडायला निघतात, मी जायच्या आधी.

ताईंना दाखवायचं असणार सगळं. मीही मनातून तेच धरून बसलेय. आईंनी पास व्हायला हवं. तोंडानं मात्र एकदाही म्हटलं नाही — आई, जाऊ नका. आमच्या घरात मनातलं बोलायचं खातं ह्यांच्याकडे होतं.

९ मे, शुक्रवार

ताई आल्या. मोठी रिकामी बॅग घेऊन. मी ती दाराआड सरकवली.

आईंनी जाहीर केलं, आजचं जेवण मी करणार. आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत, हात बांधून. आत भांड्यांचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. ताई उठायला लागल्या. मी त्यांचा हात धरून बसवलं. मी! आतून आलं, "बंद!"

भाजी, भात, उकडलेली अंडी. सगळं गरम, सगळं एकदम. मीठ जरा जास्त. ताई जेवता जेवता रडायला लागल्या. आई म्हणाल्या, "एवढं खारट झालंय का?"

मग ताईच म्हणाल्या, "राहा बाई इथेच. वहिनी, तू सांभाळलंस हो." बॅग माळ्यावर टाकली, म्हणाल्या पुढच्या वेळी नेईन, लोणच्यासारखी मुरू दे तिथे.

मी ताटं उचलली. फार हलकं वाटलं. आता सगळं जसं होतं तसंच राहणार.

१२ मे, सोमवार

सकाळी आईंनी माझा डबा माझ्या हातात दिला. भरलेला.

"चष्मेवाल्यांशी बोलणं झालंय माझं. आजपासून जायचंस."

"पण तुम्ही एकट्या..."

"चौकोनबाईंना पहिल्याच दिवशी हेच सांगितलं होतं. दिवसभर घरी एकटीनं राहायला यायला हवं मला. नाहीतर तू निघायचीच नाहीस इथून."

मी चप्पल घातली. दार उघडलं. पाऊल उचलेना. लाल पट्टीवर तशीच उभी.

मागून आवाज आला — "एक, दोन, पाऊल!"