हनुवटीवरचा तीळ

नेरडीगोंडा, मंगळवार, ७ फेब्रुवारी १९८९

पाहुणे येऊन गेले. डोकं अजून तापलंच हाय.

माह्या फोटोत हनुवटीवरचा तीळ नाही. निर्मल शहरातल्या फोटो स्टुडिओवाल्यानं निगेटिववर पेन्सिल घासून तो उडवला, मले न विचारता. तोच फोटो मावशीनं सोयरिकीसाठी गावोगाव फिरवला. इथून आत्याकडं, आत्याकडून तिच्या नणंदेकडं. ज्यानं पाह्यला त्यानं नाकावर, रंगावर मत देलं अन् पुढं धाडला. मी इकडं कापूस वेचून राह्यली होती, अन् तिकडं अनोळखी लोक चहा पिता पिता माहं तोंड पाहून राह्यले होते.

आज पोराच्या मायनं तो फोटो माह्या गालाशी धरला. एकदा फोटोकडं पाहे, एकदा माह्याकडं. मंग बाबाले म्हणते, "पोरगी हीच हाय का? फोटोत त तीळ नाही."

बाबानं सुपारीचं ताट पुढं सरकवलं. तीळ जन्मापासून हाय, एवढं तरी बोलाचं होतं. मावशी माह्यावरच डोळे वटारे, जसा काही मीच तो सकाळी लावून आली. पोराचा फोटो काऊन नाही फिरवला कोणी? त्याच्या कपाळावर केवढा वण हाय. पण मले कोण विचारते.

उठता उठता पाहुण्याइनं नाही म्हटलं. मंग त्या बाईनं फोटो पिशवीत टाकला. "हा राहू द्या. धाकट्या पोरासाठी अशीच पोरगी पाहाची हाय, लोकाइले दाखवाले कामी येईल."

बाबा म्हणे, "ठेवा."

माहं तोंड ती घेऊन गेली. तीळ तेवढा मले ठेवला.